दोनपर्यंत काउंटर बंद: 'बाय' की 'टिल'?

या महिन्यातली बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची आहेत. इंग्रजी वाक्यात 'इन' घालावं की 'ऑन', 'फॉर' की 'ऑफ', 'विथ' की 'टू', म्हणजे प्रिपोझिशन कोणतं वापरावं. मराठी शाळेतून आलेल्या माणसाचं बाकी इंग्रजी सरावाने सुधारतं, हे एवढं मागे राहतं. आपल्याकडे हे काम विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं करतात आणि ती नामाला मागून चिकटतात. इंग्रजी लिहायला बसलं की आपण 'त, ला, शी, पासून, पर्यंत' यांच्या बदल्यात एकेक इंग्रजी शब्द ठेवत जातो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या पिढीला तर ही सवय शाळेतच लागली.

पण सगळ्या चुकांची किंमत सारखी नसते. 'डिस्कस अबाउट' लिहिलंत तर फार तर कोणी नाक मुरडेल. 'टिल'च्या जागी 'बाय' लिहिलंत तर माणसं भलत्या वेळी दारात येऊन उभी राहतात. म्हणून ज्या पत्रांत खरोखर कोणाचं तरी नुकसान झालंय ती आधी घेते. नियम आणि मार्कांची भांडणं नंतर.

प्रश्न : बाई, दिवाळीच्या आठवड्यात आमच्या पतसंस्थेने इंग्रजीत बोर्ड लावला, 'द काउंटर विल बी क्लोज्ड बाय टू पीएम.' आम्हाला म्हणायचं होतं, दोनपर्यंत काउंटर बंद, दोननंतर या. मराठी न येणारे काही सभासद सकाळीच येऊन रांगेत उभे राहिले आणि आमच्यावरच चिडले. त्यांनी उलटा अर्थ का घेतला?
– पतसंस्थेचे सचिव, सांगली जिल्हा

उत्तर : त्यांनी बोर्डावर होता तोच अर्थ घेतला. 'क्लोज्ड बाय टू' म्हणजे दोन वाजायच्या आत काउंटर बंद झालेलं असेल, म्हणजे यायचं तर सकाळीच. तुम्हाला हवं होतं 'क्लोज्ड टिल टू', म्हणजे दोनपर्यंत बंद राहील आणि मग उघडेल. एका शब्दाने बोर्ड बरोबर उलटा झाला.

याचं मूळ आपल्या 'पर्यंत'मध्ये आहे. 'शुक्रवारपर्यंत मी मुंबईत आहे' आणि 'शुक्रवारपर्यंत मी मुंबईत पोहोचेन', दोन्हीकडे आपण 'पर्यंत'च म्हणतो आणि आपलं काही अडत नाही, कारण फरक आपण क्रियापदाने दाखवतो. इंग्रजी तो फरक प्रिपोझिशनने दाखवते. मी वर्गात एकच कसोटी देत असे. मराठी वाक्य मनात पूर्ण म्हणा आणि शेवट ऐका. शेवटी 'राहील', 'चालू असेल', 'थांबेन' असं काही सतत चालणारं आलं तर 'टिल' किंवा 'अन्टिल'. शेवटी 'होईल', 'पोहोचेल', 'देऊन टाकीन' असं एकदाच घडून संपणारं आलं तर 'बाय'. काउंटर दोनपर्यंत बंद राहील, तिथे टिल. काउंटर दोनपर्यंत बंद होईल, तिथे बाय. मराठी येणाऱ्याला ही कसोटी फुकटात मिळालेली आहे, वापरत मात्र कोणी नाही.

आता कागदपत्रांच्या नोटिशीकडे या, कारण ती तुम्हाला दर वर्षी लावावी लागते. 'सबमिट युवर डॉक्युमेंट्स टिल ३० जून' चूक. कागद एकदाच द्यायचे असतात, म्हणून 'बाय ३० जून'. पण 'डॉक्युमेंट्स विल बी ॲक्सेप्टेड टिल ३० जून' बरोबर, कारण स्वीकारण्याचं काम तुमच्याकडे रोज चालू राहणार आहे. काम तेच, तारीख तीच. सभासदाच्या बाजूने पाहिलं की बाय आणि संस्थेच्या बाजूने पाहिलं की टिल.

आणखी एक भांडण आधीच मिटवून ठेवा. तीस तारीख धरायची की नाही? 'बाय'मध्ये ती सहसा धरतात. 'टिल'मध्ये धरतात असं गृहीत धरू नका. पैशाचा, दंडाचा किंवा व्याजाचा संबंध असेल तर सरळ 'ऑन ऑर बिफोर ३० जून' लिहा. वकिलांना हे तीन शब्द आवडतात ते उगाच नव्हे. कालावधी सांगायचा असेल तर 'अप टू अँड इन्क्लूडिंग ३० जून'. आपल्या सरकारी मराठीत 'जूनअखेर' हा नेटका शब्द आहे, त्याला 'बाय द एंड ऑफ जून'.

प्रश्न : मी हिंजवडीत आयटीत आहे. इंग्लंडच्या क्लायंटला मंगळवारी लिहिलं, 'आय विल सेंड द रिपोर्ट इन टू डेज.' बुधवारीच पाठवला, तर त्यांचं उत्तर आलं की एवढ्या लवकर अपेक्षा नव्हती, आमचा माणूस गुरुवारीच मोकळा आहे. कौतुक होतं की टोमणा? जाता जाता माझा सीव्हीही पाहा. पहिलंच वाक्य आहे, 'आय ॲम वर्किंग इन धिस फील्ड सिन्स फाइव्ह इयर्स.'
– एक वाचक, पुणे

उत्तर : टोमणा नसावा. त्यांनी तुमचं वाक्य वाचून गुरुवारची सोय केली होती. 'दोन दिवसांत देतो' म्हणजे आपल्याकडे दोन दिवसांच्या आत, उद्याही चालेल. इंग्रजीत पुढच्या वायद्यासाठी 'इन टू डेज' म्हटलं की दोन दिवसांनी. बस 'इन टेन मिनिट्स' सुटणार असेल तर ती दहा मिनिटांनी सुटते, अधेमधे नाही. तुम्हाला हवा होता 'विदिन टू डेज'. यात एक गोम आहे. झालेल्या कामाबद्दल बोलताना 'ही फिनिश्ड द रिपोर्ट इन टू डेज' म्हणजे कामाला दोन दिवस लागले, तिथे आपला 'दोन दिवसांत' चपखल बसतो. म्हणून तर माणूस फसतो. अर्ध्या वेळा बरोबर येणारी सवय मोडायला फार कठीण.

सीव्हीतला घोळ 'पासून'चा. '२०२० पासून' आणि 'पाच वर्षांपासून' यांत आपण फरक करत नाही. इंग्रजी सुरुवातीच्या क्षणाला 'सिन्स' लावते आणि लांबीला 'फॉर'. 'सिन्स २०२०', 'सिन्स मंडे', 'सिन्स माय मॅरेज'. पण 'फॉर फाइव्ह इयर्स', 'फॉर टू अवर्स', 'फॉर एजेस'. पुढे आकडा दिसला म्हणून घाईने ठरवू नका. २०२० हा कॅलेंडरवरचा ठिपका आहे आणि पाच वर्षं ही पट्टी आहे. शिवाय काळही बदलायला हवा, कारण जे तेव्हा सुरू झालं आणि अजून चालू आहे त्याला 'ॲम वर्किंग' पुरत नाही. 'आय हॅव बीन वर्किंग इन धिस फील्ड फॉर फाइव्ह इयर्स.' आणि पुढे सुरू होणाऱ्या गोष्टीला सिन्स अजिबात नको. नवं वेळापत्रक 'फ्रॉम फर्स्ट जुलाय'.

सीव्हीसोबतच्या पत्राच्या शेवटी 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' लिहिलंय, तेही बदला. इथला 'टू' क्रियापदाचा नाही, प्रिपोझिशन आहे आणि प्रिपोझिशनपुढे क्रियापद आलं तर 'आयएनजी' लावून येतं. 'लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू.' खात्री करायची तर त्या जागी नुसतं नाम ठेवून पाहा. 'लुकिंग फॉरवर्ड टू द इंटरव्ह्यू' चालतं ना? मग 'मीटिंग' चालणारच.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेची तयारी करते. चुका शोधायच्या प्रश्नांत 'डिस्कस अबाउट', 'एम्फसाइज ऑन', 'रिक्वेस्ट फॉर', 'लॅक ऑफ' असे प्रयोग येतात. कधी बरोबर, कधी चूक. क्लासमध्ये शंभर नियमांची झेरॉक्स दिली आहे, पण पाठ होत नाही.
– एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : झेरॉक्स कपाटात ठेवा. तुम्ही विचारलेले चारही प्रयोग एकाच गोष्टीचे आहेत. या शब्दांचं क्रियापद केलंत तर ते कर्माला थेट भिडतं, मध्ये कोणी नको. तोच शब्द नाम झाला की त्याला प्रिपोझिशनचा आधार लागतो.

'वुई डिस्कस्ड द बजेट', पण 'अ डिस्कशन ऑन द बजेट' किंवा 'अबाउट द बजेट'. 'शी एम्फसाइज्ड डिसिप्लिन', पण 'एम्फसिस ऑन डिसिप्लिन'. 'ही रिक्वेस्टेड लीव्ह', पण 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह'. 'दे लॅक मनी', पण 'अ लॅक ऑफ मनी'. पुढचे तुम्हीच पडताळा: इन्व्हेस्टिगेट आणि इन्व्हेस्टिगेशन इंटू, रिझेम्बल आणि रिझेम्बलन्स टू, एंटर आणि एंट्री इंटू, आन्सर अ क्वेश्चन आणि ॲन आन्सर टू अ क्वेश्चन, डिमांड आणि अ डिमांड फॉर. चूक होते ती अशी, की नामासोबत पाहिलेलं प्रिपोझिशन आपण क्रियापदालाही डकवतो. त्यात मराठी भर घालते, कारण आपण बजेट'वर' चर्चा करतो आणि शिस्ती'वर' भर देतो.

ही किल्ली सगळ्या कुलपांना लागत नाही, हेही सांगते. 'डिपेंड' आणि 'इन्सिस्ट' क्रियापदं असूनही 'ऑन' सोडत नाहीत. खोलीत शिरताना नुसतं 'एंटर', पण करारात शिरताना 'एंटर इंटू ॲन ॲग्रीमेंट' अगदी शुद्ध. 'कोप अप विथ' हा मात्र आपल्याकडचा कारखाना, तिथे 'अप' काढून टाका, 'कोप विथ' पुरे. 'कम्प्राइज'पुढे परीक्षेत 'ऑफ' लिहू नका. घटक सांगायचे तर 'कन्सिस्ट्स ऑफ' किंवा नुसतं 'कम्प्राइजेस'.

परीक्षा घेणाऱ्यांचं आणखी एक लाडकं कुटुंब आहे: सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर, प्रायर. तुलनेचे शब्द असूनही यांच्यापुढे 'दॅन' येत नाही, 'टू' येतो. हे लॅटिनमधून आलेले तुलनादर्शक आहेत, शेवटचा 'इयर' हेच त्यांचं 'अधिक' दाखवणं. 'ही इज सीनियर टू मी.' यांच्या पंक्तीत 'प्रिफर' बसवा, कूळ वेगळं असलं तरी वागणं तेच: 'आय प्रिफर टी टू कॉफी.'

पाठांतराबद्दल म्हणाल तर सुटे शब्द लिहूच नका. मी मुलांना जोडीची वही करायला लावत असे. वर्तमानपत्रात 'रिस्पॉन्सिबल' दिसला तर 'रिस्पॉन्सिबल फॉर द डिले' एवढा तुकडा जसाच्या तसा उतरवायचा, मराठी अर्थ शेजारी लिहायचा नाही. अर्थ लिहिला की 'ला' आणि 'शी' परत शिरतात.

प्रश्न : मी दहावीत आहे. 'आय वॉज ऑन द बस' लिहिलं म्हणून सरांनी गुण कापले. बसवर म्हणजे टपावर का, असं विचारलं आणि सगळे हसले. पुस्तकात 'ऑन द ट्रेन' आहे. कोण बरोबर?
– एक विद्यार्थी, धाराशिव

उत्तर : तू बरोबर आहेस, पण सरांशी वाद घालायला जाऊ नकोस. 'इन द बस'ही चूक नाही. ज्या वाहनात चढून उभं राहून चालता येतं आणि जे ठरलेल्या मार्गाने जातं त्याला इंग्रजी 'ऑन' म्हणते: बस, ट्रेन, विमान, जहाज. ज्यात वाकून शिरावं लागतं त्याला 'इन': कार, टॅक्सी, रिक्षा, वडापची जीप. छोट्या होडीत बसलास तर 'इन अ बोट', मोठ्या बोटीवर गेलास तर 'ऑन अ शिप'. चढण्या-उतरण्यातही तेच चालतं, 'गेट ऑन द बस, गेट ऑफ द बस', पण 'गेट इंटू द रिक्षा, गेट आउट ऑफ द रिक्षा'. सायकल, मोटरसायकल आणि घोडा यांना 'ऑन', कारण तिथे आपण खरंच वर बसतो. सरांची टपाची शंका तिथे लागू पडते.

आता 'बाय' बघ. साधन सांगायचं असेल तर 'बाय बस', 'बाय ट्रेन', मध्ये 'अ' नाही, 'द' नाही, 'माय' नाही. कोणाची गाडी ते सांगायचं असेल तर 'बाय' सोडून 'इन माय अंकल्स कार'. आणि पायी गेलास तर 'बाय वॉक' मुळीच नाही, 'ऑन फुट'.

बसवरून आठवलं, झाडाचंही पाहून ठेव, परीक्षेत येतं. फळ झाडाला लागलेलं असतं, म्हणून 'मँगोज ऑन द ट्री'. पक्षी किंवा माकड पानांच्या आत वावरतं, म्हणून 'अ मंकी इन द ट्री'. आम्ही चिपळूणकर हा फरक कधी विसरत नाही, कारण इथे हापूस 'ऑन द ट्री' फार दिवस टिकतच नाही, वानरं 'इन द ट्री' असतात.

प्रश्न : भाच्याच्या लग्नाचा इंग्रजी बायोडेटा केला. 'एल्डर सिस्टर मॅरीड विथ अ डॉक्टर, सेटल्ड ॲट नाशिक.' मुलीकडच्यांनी चूक दाखवली. डॉक्टरशी लग्न म्हणजे 'विथ'च ना?
– एक मामा, अहिल्यानगर

उत्तर : 'शी' म्हणजे 'विथ' हे समीकरण मैत्रीत आणि भांडणात चालतं, लग्नात नाही. 'मॅरीड टू अ डॉक्टर.' क्रियापद म्हणून वापरलंत तर काहीच नको, 'शी मॅरीड अ डॉक्टर'. 'मॅरीड विथ' ऐकायला मिळतं ते वेगळ्याच जागी: 'मॅरीड विथ टू चिल्ड्रन' म्हणजे लग्न झालंय आणि दोन मुलं आहेत. तुमचं वाक्य वाचणाऱ्याला क्षणभर वाटलं असेल की ताई विवाहित आहेत आणि पदरी एक डॉक्टर आहे. नाशिकला 'इन' लावा. एंगेजमेंटलाही 'टू'च.

प्रश्न : माझी नात न्यू जर्सीत शिकते. व्हिडिओ कॉलवर ती 'डिफरंट दॅन', 'ऑन द वीकेंड', 'राइट मी' असं बोलते. मी पस्तीस वर्षं शिकवलेलं 'डिफरंट फ्रॉम' तिला सांगितलं तर म्हणते, 'आजी, नोबडी सेज दॅट.' तिची शाळा चुकीचं शिकवते का?
– एक निवृत्त शिक्षिका, ठाणे

उत्तर : तिची शाळा अमेरिकन शिकवते, आपण ब्रिटिश शिकलो आणि तेच शिकवलं. 'डिफरंट फ्रॉम' दोन्हीकडे चालतं, म्हणून तुमचं अजिबात चुकलेलं नाही. 'नोबडी' हा नातीचा उत्साह. 'डिफरंट दॅन' अमेरिकेत सर्रास आहे. गंमत पुढेच आहे. इंग्लंडमध्ये लोक 'डिफरंट टू'ही म्हणतात आणि 'फ्रॉम'शिवाय बाकी सगळं अशुद्ध ही समजूत म्हणजे अंधश्रद्धा, असं फाउलरने १९२६ सालच्या आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात लिहून ठेवलंय. भारतातली परीक्षा द्यायची नसेल तर मुलीला तिच्या गावचं बोलू द्या.

ब्रिटिश 'ॲट द वीकेंड', अमेरिकन 'ऑन द वीकेंड'. ब्रिटिश 'राइट टू मी', अमेरिकन नुसतं 'राइट मी'. आपण फॉर्म 'फिल इन' करतो, तिथे बहुधा 'फिल आउट'. आपला आजारी माणूस 'इन हॉस्पिटल', तिथला 'इन द हॉस्पिटल'. रस्त्याचं नाव आलं की ब्रिटिश घर 'इन' असतं आणि अमेरिकन घर 'ऑन'. घड्याळाचं जपून ऐका. तिथे काही भागांत 'क्वार्टर ऑफ फाइव्ह' म्हणतात, म्हणजे पावणेपाच. आपला कान सव्वापाच धरतो आणि चुलीवरचं उतू जातं.

मात्र एक अमेरिकन प्रयोग मला फार आवडतो, आपण सरळ उचलावा असा. 'मंडे थ्रू फ्रायडे'. शुक्रवार धरून, वादच नाही. सांगलीच्या सचिवांनी टिपून ठेवावं, पण सभासदांना तो सवयीचा झाल्यावरच बोर्डावर लिहावा.

प्रश्न : जिल्हा वार्ताहर आहे, आता इंग्रजी वेबसाइटसाठीही बातम्या देतो. गुन्ह्याच्या बातमीत 'फॉर', 'ऑफ', 'विथ' यांत कायम गोंधळ होतो.
– एक वार्ताहर, जळगाव

उत्तर : तुमच्या बाबतीत तर्क शोधण्यात अर्थ नाही, आरोपीसोबत पोलिस ठाण्यातून कोर्टापर्यंत चालत जा. संशय आला, 'सस्पेक्टेड ऑफ थेफ्ट'. आरोप झाला, 'अक्यूज्ड ऑफ थेफ्ट'. पोलिसांनी पकडलं, 'अरेस्टेड फॉर थेफ्ट' किंवा 'ऑन अ चार्ज ऑफ थेफ्ट'. आरोप ठेवला, 'चार्ज्ड विथ थेफ्ट'. कलम सांगायचं तर 'अंडर सेक्शन' अमुक. खटला चालला, 'ट्राइड फॉर थेफ्ट'. सुटला, 'अक्विटेड ऑफ थेफ्ट'. दोषी ठरला, 'कन्व्हिक्टेड ऑफ थेफ्ट'. शिक्षा झाली, 'सेंटेन्स्ड टू थ्री इयर्स'. जामिनावर असेल तर 'आउट ऑन बेल'. ही रांग टेबलाच्या काचेखाली ठेवा. 'अक्यूज्ड' आणि 'कन्व्हिक्टेड' यांची अदलाबदल मात्र करू नका, तिथे प्रिपोझिशन बरोबर असूनही अब्रुनुकसानीची नोटीस येते.

प्रश्न : गेल्या अंकात आपण 'द चेअर शी वॉज सिटिंग ऑन' असं वाक्य आदर्श म्हणून दिलंत. वाक्याचा शेवट प्रिपोझिशनने करू नये हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं. शिवाय तीन राज्यांसाठी आपण 'बिट्वीन' वापरलात. दोनांत बिट्वीन, दोनांहून अधिकांत अमंग, हा नियम आपणास ठाऊक असेलच.
– एक निवृत्त मुख्याध्यापक, सातारा

उत्तर : सर, दोन्ही नियम ठाऊक आहेत आणि दोन्ही मी मानत नाही. आपण विचारलंत म्हणून कारणं देते.

शेवटच्या प्रिपोझिशनवर बोट ठेवणारा गाजलेला माणूस म्हणजे कवी जॉन ड्रायडन. १६७२ साली त्याने बेन जॉन्सनच्या नाटकातल्या एका ओळीवर असा आक्षेप घेतला आणि पुढे स्वतःच्या जुन्या लिखाणातली अशी वाक्यंही फिरवून लिहिली. हा ड्रायडन आपलं इंग्रजी शुद्ध आहे का हे पाहायला ते मनात लॅटिनमध्ये उतरवून बघत असे. लॅटिनमध्ये असा शब्द वाक्याच्या शेवटी सुटा राहू शकत नाही, म्हणून इंग्रजीतही नको! आपली मुलं इंग्रजी वाक्य मराठीत उतरवून 'मॅरीड विथ' लिहितात त्यापेक्षा हे वेगळं नाही, फक्त त्याची परकी भाषा प्रतिष्ठित होती. पुढे १७६२ साली बिशप रॉबर्ट लाउथ यांनी आपल्या व्याकरणात या प्रयोगाचा उल्लेख केला. गंभीर लिखाणात तो टाळलेला बरा असं त्यांचं मत होतं, पण आपली भाषा ज्या लकबीकडे फार झुकते ती हीच, हे सांगणारं त्यांचं स्वतःचं वाक्य 'टू'वर संपतं. 'द चेअर ऑन विच शी वॉज सिटिंग' आपण कोर्टाच्या अर्जात जरूर लिहा. बाजारात खुर्ची घेताना असं बोलणारा इंग्रज मला अजून भेटलेला नाही.

'बिट्वीन'बद्दल मी ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या आड उभी राहते. दोनांहून अधिकांसाठी तो शब्द अगदी सुरुवातीपासून वापरात आहे, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. प्रत्येक पक्षाचं दुसऱ्या प्रत्येकाशी वेगळं नातं असेल तर संख्या कितीही असो, बिट्वीन. कृष्णेच्या पाण्याचा तंटा महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांच्या 'बिट्वीन'च होता. प्रत्येकाचं दुसऱ्याशी स्वतंत्र भांडण होतं, घोळक्यातलं नव्हे. घोळका असेल तिथे 'अमंग': गावकऱ्यांत धान्य वाटलं, तर 'अमंग द व्हिलेजर्स'. परीक्षेत मात्र मुलांनी आपलाच नियम लिहावा. गुण तपासणाऱ्याच्या हातात असतात.

प्रश्न : आमच्या घरी सगळ्या पत्रांवर 'ॲट पोस्ट' लिहितात. मुलीच्या पासपोर्टच्या अर्जात तसंच लिहावं का? आणि गावात राहतो हे 'ॲट' की 'इन'?
– एक गृहिणी, पाटण तालुका

उत्तर : 'ॲट पोस्ट' हे आपल्या 'मु. पो.'चं इंग्रजी सोंग आहे. पाकिटावर ते चालतं, पोस्टमनला कळतं. अर्जात गाव, जिल्हा, पिनकोड यांना वेगळे रकाने असतात, तिथे नुसतं गावाचं नाव लिहा. रकान्यातलं नाव आधार कार्डाशी अक्षरान् अक्षर जुळलं पाहिजे, ही काळजी प्रिपोझिशनहून मोठी.

मोठ्या शहराला 'इन' आणि लहान गावाला 'ॲट' हा जुन्या व्याकरणांतला नियम आता सोडून द्या. गाव कितीही लहान असलं तरी तुम्ही त्याच्या आत राहता, म्हणून 'आय लिव्ह इन पाटण'. चिपळूणहून कराडला जाणारी एसटी कुंभार्ली घाट चढून येते आणि 'स्टॉप्स ॲट पाटण', कारण त्या बसच्या दृष्टीने तुमचं गाव म्हणजे रस्त्यावरचा एक थांबा आहे.